एक बोट ठिव, लेकरा

दिवेलागण झालीय. घरामागचा मळणीचा हडंबा आत्ताच थांबलाय, पण कानात तो अजून चालूच आहे. सोयाबीनच्या भुसकटाची धूळ खाली बसायला तयार नाही. अंगणातल्या बल्बभोवती पिवळी होऊन तरंगतेय. माझा भाचा ओसरीच्या उंबऱ्यावर बसलाय. नऊ वर्षांचा, चौथीत. एरवी या पोराला एका जागी बसवायला चार जणं लागतात. आज तो आपणहून बसलाय, खांदे आत ओढून, उजवा पंजा छातीवर ठेवून.

"आत्या, इथं दुखालंय."

आवाज बारीक आहे. तो रडत नाही, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटते. वहिनी भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर येते. "काय झालं वन्सं?" मी म्हणते, छातीत दुखतंय म्हणतोय. तिचा चेहरा क्षणात उतरतो. छातीत म्हटलं की मोठ्या माणसांच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट उभी राहते. गेल्या पावसाळ्यात पलीकडच्या आळीतला धडधाकट माणूस पेरणी करता करता बांधावर कोसळला, तो उठलाच नाही. वहिनीच्या मनात आत्ता तोच आहे, मला दिसतंय. माझ्याही मनात तोच आहे.

आई आतून येते. ती काही विचारत नाही, सरळ देवळीकडे वळते आणि मागचा पत्र्याचा डबा काढते. तो डबा मी ओळखते. त्यात सुई आहे आणि काळे, गुळगुळीत बिब्बे आहेत. सुईला टोचलेला बिब्बा दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की दुखऱ्या जागी चटकन टेकवायचा. माझ्या गळ्याखाली तसे तीन काळे ठिपके आहेत, मी सहा वर्षांची असतानाचे. बिब्ब्याचं तेल कातडी भाजतं, फोड आणतं. आतल्या दुखण्यापर्यंत ते कधीच पोचत नाही. पण हे आईला आज रागानं सांगायची माझी हिंमत नाही. ती तेव्हा पंचविशीची होती, रात्रीची वेळ होती, घरात दुसरं काहीही नव्हतं. लेकरासाठी काहीतरी केलं पाहिजे, एवढंच तिला ठाऊक होतं.

मी तिचा हात धरते. "थांब आई. आधी मावशीला बोलावू."

ती माझ्याकडे बघते, मग पोराकडे. डबा बंद करते, पण हातातून खाली ठेवत नाही.

मावशी म्हणजे समोरच्या घरातल्या. आमच्या नात्यातल्या नव्हेत, पण गावाला त्यांचं दुसरं नाव आता आठवत नसेल. तुळजापूर तालुक्यातलं हे आमचं गाव अणदूरपासून जवळ. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे चार वाजायला चार मिनिटं कमी असताना भूकंपात किल्लारी-सास्तूरचा पट्टा जमीनदोस्त झाला, त्यानंतरच्या वर्षांत अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं खेड्यापाड्यांतल्या बायकांना शिकवून भारतवैद्य केलं. जेमतेम लिहिता-वाचता येणाऱ्या, कुणी नवऱ्यानं टाकलेल्या, कुणी विधवा. तापाची गोळी कुठली, जुलाबात मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, बाळंतिणीला कधी दवाखान्यात हलवायचं हे त्या शिकल्या. आशाताई गावोगाव आल्या त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. आमच्या मावशी त्यांतल्याच एक. आता साठी ओलांडलीय, गुडघे धरलेत. गावातल्या आशाताई आज नळदुर्गच्या रस्त्यावर आहेत. कोजागिरी दोन दिवसांवर आलीय, कर्नाटकातून तुळजापूरला पायी निघालेल्यांच्या पायांचे फोड बांधायला बसल्यात. म्हणून आज पुन्हा मावशीच.

मावशी येतात त्या घाईनं येत नाहीत. हातात फक्त एक जुनं घड्याळ, सेकंदकाटा असलेलं. पोराच्या शेजारी उंबऱ्यावरच बसतात. आम्ही सगळे एकदम बोलायला लागतो तशा त्या हात वर करतात.

"त्याला बोलू द्या. लेकरा, कुठं दुखालंय? सगळा हात नको. एक बोट ठिव."

तो विचार करतो. पंजा छातीवरून निघतो. तर्जनी आधी जरा डावीकडे जाते, परत येते, आणि छातीच्या मधल्या हाडाला लागून, तिसऱ्या-चौथ्या बरगडीपाशी थांबते. रुपयाएवढी जागा.

"इथं?" मावशी आपलं बोट तिथं ठेवून हलकेच दाबतात.

"आई गं!"

"हेच का ते दुखणं? मघाचंच?"

"हां, हेच."

मावशी दुसऱ्या बाजूला तशीच दाबतात. तिथं काही नाही. पुन्हा पहिल्या जागी. पुन्हा "आई गं." त्या माझ्याकडे बघून मान हलवतात, पण बोलत नाहीत. अजून त्यांचं विचारून झालेलं नाही.

पळताना दुखलं का बसल्यावर? पळताना चक्कर आली होती का, डोळ्यांपुढं अंधारी? कुठं पडलास का, कुणाचा गुडघा लागला का, बैलानं ढकललं का? काही गिळलंस का, नाणं, खेळण्यातला सेल? खरं सांग, कुणी मारत नाही. तो खरंच विचार करून उत्तरं देतो, नाही, नाही, नाही. मग एकदम म्हणतो, "ताडपत्री वढली."

दुपारी ढग दिसले म्हणून सोयाबीनच्या ढिगावर ताडपत्री ओढायला सगळे धावले होते. हाही धावला होता. त्यात गेले आठ दिवस खोकला. हडंबा चालू झाल्यापासूनचा, कोरडा, रात्री वाढणारा. त्या खोकल्याकडे आम्ही कुणीच नीट लक्ष दिलं नाही. राशीच्या दिवसांत या गावात कोण खोकत नाही?

मग मावशी एक प्रश्न विचारतात आणि माझ्या पोटात खड्डा पडतो.

"महिन्याभरात घसा दुखला होता का? ताप येऊन गुडघे, घोटे सुजले होते का? आज हा गुडघा, उद्या तो?"

माझी चुलत बहीण तेरा वर्षांची असताना तिचे सांधे असेच सुजायचे. आज गुडघा, चार दिवसांनी घोटा. आम्ही त्याला वाढीचं दुखणं म्हणायचो. आधी तिचा घसा आला होता हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं. घशातल्या त्या जंतूंपायी काही लेकरांना सांधेताप येतो आणि तो हृदयाच्या झडपा खराब करून जातो, हे आम्हाला ती पहिल्या बाळंतपणात गेली तेव्हा कळलं. वेळेवर ओळखलं असतं तर दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं एक इंजेक्शन, वर्षानुवर्षं न चुकता, एवढ्यावर तिचं हृदय राखता आलं असतं. घरात आजही तिचं नाव निघालं की बोलणं थांबतं.

"न्हाई," वहिनी म्हणते. "सांधे न्हाई सुजले. घसा बी न्हाई."

मी श्वास सोडते. मावशी आता पोराचा शर्ट वर करायला सांगतात आणि त्याला भिंतीला टेकवून बसवतात. "आता कुणी बोलायचं न्हाई."

घड्याळ त्यांच्या डाव्या तळहातावर आहे. नजर पोराच्या पोटावर. पोट वर, पोट खाली. अंगणात सगळे गप्प. मिनिट किती लांब असतं हे असं उभं राहिल्याशिवाय कळत नाही. अर्ध्या मिनिटाचे मोजून दुप्पट का करत नाहीत, असं माझ्या मनात येतं आणि मी ते गिळते. लेकरं एका लयीत श्वास घेत नाहीत. पूर्ण मिनिटच मोजावं लागतं.

"बावीस," मावशी म्हणतात.

हे मोजणं दिसायला साधं आहे, पण त्याला मोठा इतिहास आहे, आणि तो आपल्याच राज्यातला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं गावातल्या माणसांना, सुईणींनासुद्धा, लेकरांचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्या हातात एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची पाटी दिली: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, लाल मण्यापर्यंत पोचलं की औषध सुरू करायचं. तिथली बालमृत्यूंची घट १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ६०, वर्षाच्या आतलं असेल तर ५०, पाच वर्षांच्या आतलं असेल तर ४०. श्वास तिथं पोचले किंवा त्यापुढे गेले की वाट बघायची नाही. नऊ वर्षांच्या पोराला, निवांत बसलेल्या, ३० च्या पुढे जायला नको. आमचं पोर बावीसवर आहे.

मावशी त्याचे ओठ बघतात, नखं बघतात. बरगड्यांखाली खळगा पडतो का ते बघतात. आमच्याकडे त्याला पोट उडणं म्हणतात. मग म्हणतात, "सातचा पाढा म्हण. मधी थांबायचं न्हाई." तो सात दाहे सत्तरपर्यंत जातो आणि फक्त एकदा खोकतो. ज्याला धाप आहे त्याचं वाक्य अर्ध्यात तुटतं. थर्मामीटर वहिनीच्या कपाटात आहे. काखेत धरला, ताप नाही.

"खोकून खोकून आणि वढून बरगडीचा सांधा धरलाय," मावशी शेवटी म्हणतात. "हाडाला हाड जिथं मऊ कुर्चेनं जोडलंय ना, तिथं. दाबलं की तेच दुखणं उठतंय. काळजाचं दुखणं असं बोटानं दाबून उठत न्हाई. पर मी काय डाक्टर न्हाई. सकाळी दवाखान्यात दाखवायचंच. आणि रात्री बघत बसायचं."

काय बघायचं ते त्या वहिनीला सांगतात, एकेक गोष्ट तिच्याकडून परत वदवून घेतात. श्वास ३० च्या पुढे गेला, पोट उडायला लागलं, ओठ काळे-निळे पडले, चक्कर आली, घाम फुटून पोर मलूल झालं, किंवा ताप चढून दुखणं वाढलं, तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करायचा. वहिनी ते सगळं माझ्यासमोर पुन्हा म्हणते, बोटांवर मोजत. शेवटच्या बोटाशी तिचा आवाज जरा सरळ होतो. आता भीतीला कडा आल्यात. ती कुठं सुरू होते आणि कुठं नाही हे तिला कळलंय.

भाऊ शेतावरून येतो. अंगभर भुसकट, पापण्यांवरसुद्धा. ऐकल्या ऐकल्या कोनाड्यातलं आपलं पाठदुखीच्या गोळ्यांचं पाकीट काढतो. "आक्का, ह्यातली अर्धी देऊ का?"

"न्हाई," मावशी आणि मी एकदमच म्हणतो.

मोठ्यांच्या दुखण्याच्या गोळ्या लेकरांना अंदाजानं द्यायच्या नाहीत, ॲस्पिरिन तर नाहीच. मावशी विचारतात, वजन किती? दसऱ्याआधी शाळेत वजन झालं होतं, २२ किलो. साध्या पॅरासिटामॉलची पाचशेची अर्धी गोळी. पुन्हा लागली तर सहा तासांनी, दिवसात चारदाच्या वर नाही. भाऊ पाकीट परत कोनाड्यात ठेवतो आणि हात धुवायला जातो. बराच वेळ हात धूत राहतो.

आईचं काय करायचं हा प्रश्न उरतो. ती अजून डबा धरून उभी आहे. मावशी तिला म्हणतात, "आक्का, तुम्ही शेक द्या. तुमच्यासारखा शेक कुणाला जमतोय?" आई डबा देवळीत ठेवते. चुलीकडे न जाता गॅसवर तवा टाकते, धूर नको म्हणून, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. जुन्या नऊवारीचा फडका चौपदरी करते, तव्यावर टेकवते, उचलते, आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावते. थांबते. मग पोराच्या छातीला. चोळत नाही, नुसता धरते. तो डोळे मिटतो.

पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर मध. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चालत नाही, याला चालतो. अंथरूण आतल्या खोलीत, मागच्या खिडकीला ओली चादर लावून, कारण खळं त्याच बाजूला आहे. पाठीशी दोन उशा. आडवं पडलं की त्याचा खोकला वाढतो, अर्धवट बसला की कमी.

दहा वाजता मी मोजते. मोबाईलच्या उजेडात, घड्याळ डोळ्यांपुढे. बावीस.

एक वाजता वीस. झोपेतला श्वास लांब झालाय. बाहेर दूर हायवेवर ट्रक जातात आणि मध्येच 'आई राजा उदो उदो' असा पुसट आवाज येतो, कुठल्यातरी वाटेनं चालणारी माणसं असावीत. भाऊ ओसरीवर पडलाय, झोपलेला नाही. मोटारसायकलची किल्ली त्याच्या उशाशी आहे. इथून सोलापूर तासा-सव्वातासावर; अवघड दुखणं झालं की आमच्याकडची माणसं तिकडेच धावतात. ते अंतर तो मनात पुन्हापुन्हा मोजत असणार.

अडीचला खोकल्याची उबळ येते. पोर उठून बसतं, छाती धरतं, आणि संध्याकाळपासून पहिल्यांदा मोठ्यानं रडतं. "लई दुखालंय आत्या, लई." वहिनी त्याला पोटाशी घेते. भाऊ किल्ली घेऊन दारात. मी मोजायला बसते आणि आकडे पळायला लागतात. चौतीस. माझा अंगठा मोबाईलवर आहे, एक, शून्य, आठ दाबलेलं आहे, हिरवं बटण राहिलंय.

तेवढ्यात मावशींचं एक वाक्य आठवतं. रडताना मोजू नको. रडताना कुणाचाही श्वास पळतो.

मी भावाला म्हणते, पाच मिनिटं. ओठ बघते. गुलाबी आहेत. शर्ट वर करते. बरगड्यांखाली खळगा नाही. आई कधी उठली कळलं नाही, तिच्या हातात कोमट फडका आहे. ही बाई तशीही दर पहाटे जागी असते. भूकंपाच्या त्या पहाटेपासून चारच्या आधी तिची झोप उडते ती उडतेच. ती फडका धरते आणि पोराच्या कानाशी काहीतरी पुटपुटत राहते. गोळीला सहा तास उलटून गेलेत. अर्धी आणखी देतो. तो हुंदके देतो, मग हुंदक्यांमधलं अंतर वाढतं. पाच मिनिटं होतात, सात होतात.

"आत्या, पाणी दे आणि ती लाईट बंद कर, डोळ्यावर येतीय."

एका दमात बोलला. मी लाईट बंद करत नाही; नुसती हातानं आडोसा करते आणि मोजते. पूर्ण मिनिट. तेवीस.

भाऊ दारातच खाली बसतो. किल्ली मुठीत घट्ट धरलेली.

सकाळी आठला आम्ही आरोग्य केंद्रात आहोत. डॉक्टर तरुण आहेत, रात्रपाळी करून थकलेले, पण घाई करत नाहीत. ते छातीला नळी लावतात, पुढून, पाठीमागून, दोन्ही काखांत. हृदयाच्या जागी बराच वेळ. मग नळी काढतात आणि म्हणतात, "एक बोट ठेव बाळा, कुठं दुखतं?" वहिनी माझ्याकडे बघते.

बरगडीच्या कुर्चेची सूज, ते म्हणतात. लेकरांच्या छातीत दुखतं त्यात हृदयाचं दुखणं फार थोड्या वेळा निघतं. बहुतेकदा बरगड्या, स्नायू, खोकलाच असतो. कधी बसल्या बसल्या सुई टोचल्यासारखी कळ येते आणि मिनिट-दोन मिनिटांत आपली आपण जाते, तीही निरुपद्रवी. पण धावताना दुखलं, धावताना चक्कर आली, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर ते तपासल्याशिवाय सोडायचं नाही. शाळेत तपासणीची गाडी येते तेव्हा हा हजर होता का? होता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, २०१३ पासून, अंगणवाडी आणि शाळांतून लेकरांची छाती ऐकली जाते. दोष निघाला तर पुढच्या उपचारांची सोय होते. शाळेची गाडी येते त्या दिवशी पोराला शेतात नेऊ नका, डॉक्टर भावाला सांगतात.

मग विचारतात, "मागच्या वर्षी याच दिवसांत खोकला होता?"

वहिनी सुरुवातीला नाही म्हणते. मग थांबते. "होता. दिवाळीपर्यंत होता. आणि रात्री छातीत शिट्टीवाणी वाजायचं."

डॉक्टर पुन्हा नळी लावतात, मोठ्यानं फुंकर मारायला सांगतात, डोळे मिटून ऐकतात. आज शिट्टी नाही. आठ दिवसांनी परत आणा, ते म्हणतात. वाजलं तर रात्रीसुद्धा आणा. दर वर्षी त्याच दिवसांत येणारा खोकला दम्याचा असू शकतो, आणि दमा असेल तर श्वासातून घ्यायच्या औषधानं पोर नीट खेळू-धावू शकतं. दोन आठवडे ओझं, ओढाओढ नको. "आणि धूळ? घरापासून किती लांब आहे खळं?"

भाऊ जरा वेळ बोलत नाही. "घराला लागूनच हाय, साहेब."

"किती राहिलंय?"

"तीन एकर."

परत येतो तेव्हा हडंबावाला मागच्या अंगणात उभा आहे. आज आमची पाळी, दुपारनंतर दुसऱ्याची. त्याला घाई आहे. पोर वहिनीच्या मागून उतरतं आणि सवयीनं खळ्याकडे निघतं. आई त्याला दारातच धरते, आत नेते, खिडकीवरची वाळलेली चादर पुन्हा ओली करते.

भाऊ वाऱ्याकडे तोंड करून उभा राहतो. मूठभर भुसकट उचलतो आणि सोडतो. ते घराच्या दिशेनं जातं.

"मशीन खालच्या बांधावर घे," तो म्हणतो.

"तिथवर ढीग कोण नेणार? अर्धा दिस जाईल."

"जाऊ दे."

तो ताडपत्रीचं एक टोक धरतो. मी दुसरं धरते. वहिनी पदर खोचते. समोरच्या घरातून मावशी गुडघे धरत बाहेर येतात आणि विचारतात, "किती भरले?"

"वीस," मी ओरडून सांगते, आणि आम्ही ओढायला लागतो.